परदेशात नगर नियोजनाची मास्टर्स : व्याजाच्या कर्जाशिवाय जमेल का?

डॉक्टर-इंजिनिअर सोडून मुलांना दुसरं काय शिकवावं, असं पालक आम्हा शिक्षकांना नेहमी विचारतात. नगर व प्रादेशिक नियोजन हे त्याचं एक चांगलं उत्तर आहे. रस्ता कुठून जाणार, शाळा, दवाखाना, बाजार, कब्रस्तान यांना जागा कुठे मिळणार, हे शहराच्या विकास आराखड्यात ठरतं. महाराष्ट्रात हे काम १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार चालतं. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती मागवतात. पण मोहल्ल्यात नकाशा वाचता येणारं कुणी नसेल, तर मुदत तशीच निघून जाते.

या विषयाची मास्टर्स परदेशात करायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो तो सूदचा. बँकेचं कर्ज नको असेल त्यांनी जर्मनीचा विचार जरूर करावा.

फी किती?
जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. दर सेमिस्टरला काहीशे युरोंची वर्गणी भरावी लागते. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र भारतीय विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. म्हणून विद्यापीठ कोणत्या राज्यात आहे, ते आधी बघा.

कोर्स कोणता?
डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात 'स्प्रिंग' नावाचा दोन वर्षांचा इंग्रजी कोर्स १९८४ पासून चालू आहे. विकसनशील देशांतलं नियोजन हाच त्याचा विषय. पहिलं वर्ष डॉर्टमुंडला, दुसरं फिलिपिन्स, घाना, टांझानिया किंवा चिलीतल्या भागीदार विद्यापीठात. नियोजन, आर्किटेक्चर, भूगोल अशा विषयांच्या पदवीधरांसाठी तो आहे. डॉर्टमुंडमध्ये तुर्की समाज मोठा असल्याने मशीद आणि हलाल दुकानं शोधत फिरावं लागत नाही.

राहण्याचा खर्च
खरा खर्च इथे आहे. व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. ही फी नाही. तिथे गेल्यावर तेच पैसे दरमहा आपल्याला खर्चायला मिळतात. वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस कामही करता येतं, पण त्या कमाईच्या भरवशावर घरातून निघू नये. रकमा बदलत असतात, अर्जाच्या वेळी दूतावासाकडून खात्री करून घ्या.

शिष्यवृत्ती
जर्मन संस्था 'डाड' विकासाशी संबंधित कोर्ससाठी शिष्यवृत्ती देते. त्यात दरमहा भत्ता आणि आरोग्य विमा मिळतो. साधारण अट अशी : पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव, आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको. त्यामुळे पदवी झाल्यावर दोन वर्षं नगररचना कार्यालयात किंवा आर्किटेक्टकडे काम केलं, तर अनुभवही होतो आणि चार पैसेही साठतात.

कागदपत्रं
पासपोर्ट, गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा आणि एपीएस प्रमाणपत्र. एपीएसमध्ये भारतीय कागदपत्रांची तपासणी होते. त्याला वेळ लागतो, म्हणून वर्षभर आधी सुरुवात करा. आधार, दाखला आणि मार्कशीट यांवरचं नाव एकसारखं आहे ना, हे अम्मी-अब्बांनी आजच बघावं. आपल्याकडे नावाच्या स्पेलिंगमध्ये बरीच गडबड असते.

पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनीत १८ महिने राहता येतं. परत यायचं असेल तर इथेही काम भरपूर आहे. आपल्या शहराचा पुढचा आराखडा येईल, तेव्हा तो वाचणारी एक मुलगी किंवा मुलगा आपल्या वस्तीत असावा, इन्शाअल्लाह.