परड चावल्यानंतरचे तास

हा क्रम कोण्या एका रुग्णाचा नाही. नागपूर जिल्ह्यात घोणस, म्हणजे आपली परड, चावली आणि उपचाराला उशीर झाला, की रात्र साधारण अशी जाते.

संध्याकाळी ६.३०
काटोलकडचं शेत. सोयाबीनच्या गंजीपाशी घोट्यावर दंश. विषातलं एक प्रथिन रक्त गोठवणाऱ्या दहाव्या घटकाला चेतवतं, दुसरं पाचव्याला. जनुकांच्या हुकमानं तयार होणारे हे घटक एरवी जखम होईपर्यंत गप्प असतात. आता जखमेची वाट न पाहता अंगभर रक्त गोठू लागतं. रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे धागे होतात, शरीर ते तोडतं, पुन्हा होतात.

७.००
घोट्यावर दोरी आवळली. जाणत्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे नेलं. दोन तास तिथंच गेले.

९.००
हिरड्यांतून रक्त. फायब्रिनोजेन जवळपास संपलं. गोठण्याचा अतिरेक झाला म्हणूनच रक्त आता गोठत नाही. हिमोफिलिया या आनुवंशिक आजारात आठव्या किंवा नवव्या घटकाचं जनुकच बिघडलेलं असतं. इथं जनुकं ठणठणीत आहेत, गोदाम रिकामं आहे.

१०.३०
ग्रामीण रुग्णालय. २ मिली रक्त नव्या, कोरड्या काचनळीत. २० मिनिटं हात लावायचा नाही. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानं गोठणं सुरू होतं. प्लास्टिकमध्ये ही चाचणी फसवते. इतकी स्वस्त आणि इतकी कामाची चाचणी वैद्यकात फार नसावी.

१०.५०
नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

११.००
प्रतिविषाच्या १० कुप्या, तासाभरात. प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं; संपलेले घटक भरून देत नाही. ते काम यकृताचं.

रात्री २.००
नागपूरचं मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. लघवी आधी लाल, मग बंद. मूत्रपिंडांना विषानं थेट इजा केली आहे, बारीक वाहिन्यांत गुठळ्याही अडकल्या आहेत.

पहाटे ५.००
पुन्हा काचनळी. प्रतिविषानंतर ही चाचणी ६ तासांनीच करतात, कारण यकृताला घटक पुन्हा तयार करायला साधारण तेवढा वेळ लागतो. रक्त गोठलं. मूत्रपिंडं मात्र सुरू झाली नाहीत. आता डायलिसिस.

दोरी, ब्लेडनं चिरा देणं, जाणता, सगळं सोडा. पाय हलवू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असेल त्याच दवाखान्यात न्या. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर प्रतिविष एकच आहे.