सलाईनचे सहा आठवडे

हाडात पू धरला की सहा आठवडे शिरेतूनच औषध, गोळ्यांनी भागत नाही, हे मत रुग्णांइतकंच डॉक्टरांतही पक्कं आहे. त्याला एके काळी आधार होता. सुरुवातीचं पेनिसिलिन पोटात धड टिकत नसे आणि सडलेल्या हाडाला रक्तपुरवठा तुटपुंजा. पण औषधं बदलली, नियम तसाच राहिला.

२०१९ साली ब्रिटनमधल्या २६ केंद्रांतल्या १०५४ रुग्णांवरचा 'ओविवा' अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यानंतर निम्म्यांना शिरेतून औषध, निम्म्यांना प्रामुख्याने गोळ्या. वर्षाअखेर उपचार फसले ते शिरेच्या गटात १४.६ टक्के, गोळ्यांच्या गटात १३.२ टक्के. गोळ्यांच्या गटात रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक जास्त वापरलं गेलं, हा आक्षेप खरा आहे; पण त्याने शिरेचा मार्ग श्रेष्ठ ठरत नाही.

माझं म्हणणं याहून पुढचं आहे. औषध कुठून द्यायचं या वादात, ते कोणत्या जंतूवर द्यायचं हा प्रश्न मागे पडतो. समजा, कुवेतमधल्या सबाह अल-सालेममध्ये राहणाऱ्या एका धडधाकट मराठी तंत्रज्ञाच्या बुटातून खिळा आरपार गेला. साखर नॉर्मल, तिसऱ्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ. म्हणून हाड ठीक म्हणायचं? एक्स-रेत बिघाड उमटायला साधारण दोन आठवडे लागतात. एमआरआय तो आधी दाखवतो. बुटाच्या दमट फोममध्ये स्युडोमोनास हा जिवाणू वाढतो आणि नेहमीच्या बऱ्याच प्रतिजैविकांना तो जुमानत नाही. अशा वेळी जखम उघडून, नीट साफ करून हाडाचा तुकडा तपासणीला पाठवायला हवा. जखमेवरून फिरवलेला बोळा बहुधा कातडीवरचेच जंतू दाखवतो.

आधी जंतू ओळखण्याचा हा धडा मुंबईला नवा नाही. शरीररचनेवरच्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर तिथल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. अनवाणी शेतकऱ्यांचा, तब्येतीने ठणठणीत माणसांचाही पाय पोखरणारा 'मदुरा फूट' त्यांनी चिरून, त्यातले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अभ्यासला, १८६० मध्ये त्याला 'मायसेटोमा' नाव दिलं आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. बाहेरून एकसारखे दिसणारे हे पाय दोन प्रकारचे असतात: काही जिवाणूंचे, काही बुरशीचे. जिवाणूंच्या पायाला प्रतिजैविकं महिनोन्‌महिने दिली की गुण येतो. बुरशीच्या पायाला सलाईनमधून कितीही प्रतिजैविक सोडा, काही फरक पडत नाही. त्याला इट्राकोनॅझोल आणि बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते.