तिथी असलेली ठिकाणे

देगलूर या नावातच देऊळ दडलेले आहे. कन्नडमध्ये ‘देगुल’ म्हणजे देऊळ आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. महाराष्ट्र, तेलंगण आणि कर्नाटक जिथे एकमेकांना खेटून बसले आहेत, त्या कोपऱ्यात हे नाव असे फोडून वाचण्यात फारशी ओढाताण होत नाही. तालुक्याची जमीनही त्याला साक्ष देते. होट्टल, करडखेड, तडखेल, येरगी या गावांतून कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले शिलालेख, मंदिरे किंवा त्यांचे अवशेष सापडले आहेत. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातले शिलालेख संपादून १९६८ साली पुस्तकरूपाने काढले, त्यात या तालुक्याचा वाटा मोठा आहे. पण या भागातले जुने लोक प्रवासाच्या आठवणी सांगू लागले की ही नावे क्वचितच निघतात. निघतात ती माळेगाव, माहूर, पंढरपूर, कंधारचा उरूस, नांदेडचा गुरुद्वारा. एवढे कोरीव वैभव हाकेच्या अंतरावर असताना ते आठवणीत का उतरले नाही, हा प्रश्न पर्यटनाच्या माहितीपत्रकांना पडत नाही, कारण त्यांच्या लेखी ठिकाण म्हणजे पाहण्याजोगी वस्तू. माझे म्हणणे असे की या मुलखात ठिकाण लक्षात राहते ते तिथे काय पाहिले यामुळे नव्हे. तिथे कोणत्या तिथीला, कोणत्या कामासाठी आणि कोणाबरोबर जायचे हे ठरलेले असते यामुळे. ज्या जागेची तिथी गेली, ती जागा दगड शाबूत असूनही विस्मरणात गेली.

होट्टलपासूनच सुरुवात करू. शिलालेखांतली पोट्टलनगरी ती हीच. सिद्धेश्वराच्या मंदिराच्या बाह्यभिंतीवर देवदेवता आणि सुरसुंदरी ओळीने उभ्या आहेत आणि अंगावरच्या दागिन्यांचे मणी मोजावेत इतके काम बारीक आहे. हे मंदिर उभे राहिले तेव्हा ते ‘पाहण्याचे’ ठिकाण नव्हते, चालवण्याचे ठिकाण होते. चालुक्यकाळातले दानलेख वाचले की एक संसारच समोर येतो: देवाच्या अंगभोगासाठी जमीन, नंदादीपासाठी तेल, मठातल्या तपस्व्यांच्या जेवणाची सोय, बाजारात येणाऱ्या मालावरचा ठराविक हिस्सा. दानशिळेच्या माथ्यावर लिंग, गाय-वासरू आणि चंद्र-सूर्य कोरण्याची रीत होती. चंद्र-सूर्य आहेत तोवर दान चालू राहावे, असा त्याचा अर्थ. तेल्याला तेल पोचवायला यावे लागे, शेतकऱ्याला धान्य घालायला, व्यापाऱ्याला हिस्सा मोजायला. ये-जा ठरलेली होती आणि तिच्यावरच देवळाची ओळख तगून होती. बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांची सत्ता संपली, पुढे यादवही गेले, पंधराव्या शतकात बहमनींची राजधानी बिदरला आली. दान देणारे बदलले आणि दानाच्या जमिनी दुसऱ्यांच्या वहिवाटीत गेल्या. मंदिर राहिले, पण तिथे येण्याचे कारण उरले नाही.

यावर एक आक्षेप लगेच येईल, की हे विस्मरण आक्रमणांमुळे झाले, त्यात तिथी आणि दान कशाला शोधायचे? तोडफोड झालीच नाही असे कोणी म्हणणार नाही. पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. कंधार पाहा. राष्ट्रकूटांच्या काळी हे मोठे नगर होते. जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आजही आहे, किल्ला आहे, आणि कंधारला मिळालेले प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे तुकडे पाहिले की ती मूर्ती अखंड असताना केवढी असेल या कल्पनेने छाती दडपते. अभ्यासक सोडले तर त्या क्षेत्रपालासाठी कंधारची वाट कोण धरतो? लोक येतात ते हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याच्या उरुसाला, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोघेही असतात. उदगीरचेही तेच. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथे नमवले, ही मराठ्यांच्या इतिहासातली मोठी घटना. ती पाठ्यपुस्तकात राहिली. किल्ल्यात लोकांचे पाय वळतात ते उदागीर बाबांच्या स्थानाकडे. म्हणजे राजवट कोणाचीही असो, धर्म कोणताही असो, ठरल्या दिवशी जाण्याचे कारण टिकले तिथे गाव आठवणीत टिकले. किल्ल्यांना तर कोणी मूर्तिभंजक भेटला नव्हता, तरी ते विसरले गेलेच.

माळेगावची जत्रा हा या विचाराचा सगळ्यात भक्कम पुरावा. लोहा तालुक्यातले हे गाव एरवी लहानसे. खंडोबाचे देऊळ स्थापत्याच्या दृष्टीने होट्टलच्या पासंगालाही पुरणार नाही. पण मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात अमावास्येच्या तोंडावर तिथे जे उभे राहते, ते पाहून दक्षिणेतली मोठी जत्रा म्हणून तिचे नाव का घेतात हे कळते. घोडे, उंट, गाढवे, आणि या मातीतली दोन नामांकित जनावरे: लाल कंधारी आणि देवणी. तांबडा गडद रंग, ठेंगणा पण कसदार बांधा ही लाल कंधारीची ओळख. पांढऱ्यावर काळे, लोंबते कान आणि भारदस्त चाल ही देवणीची. खरेदी करणारा बैलाच्या तोंडात हात घालून दात मोजतो, चालवून पाहतो, आणि जुन्या रीतीने उपरण्याखाली हातात हात घालून बोटांनी भाव ठरतो. देवाला भंडारा उधळायचा, वाघ्या-मुरळीचे गाणे ऐकायचे, रात्री तमाशाच्या फडावर बसायचे, आणि परतताना दाव्याला नवा बैल. इथे श्रद्धा कुठे संपते आणि बाजार कुठे सुरू होतो हे विचारण्यात अर्थ नाही. दर्शनाला गेलेला माणूस देवळाचा कळस विसरेल, पण त्या जत्रेत घेतलेल्या बैलजोडीचा रंग दहा वर्षे त्याच्या दावणीला असतो. पुढे तो बैल म्हातारा होईपर्यंत जत्रेचे साल घरात मोजले जाते. स्मरणिका म्हणून विकत घेतलेली कुठली वस्तू एवढे काम करते?

पंढरपूरची गोष्ट वेगळी, तरी तर्क तोच. देगलूरहून पंढरपूर कितीतरी कोस दूर. मध्ये अनेक तीर्थे, अनेक बाजार. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावर देगलूरला गुंडा महाराज झाले आणि त्यांच्या परंपरेने या गावाचे नाव थेट पंढरपुरात नेऊन ठेवले. देगलूरकरांचा फड, त्यांचे चक्रीभजन, विसाव्या शतकातली धुंडा महाराज देगलूरकरांची कीर्तने आणि ज्ञानेश्वरीवरची प्रवचने: ज्यांनी देगलूर नकाशावर कधी शोधले नाही, त्या वारकऱ्यांनाही हे नाव ठाऊक असते. प्रवास दोन्ही बाजूंनी कसा घडतो हे इथे दिसते. माणसे पंढरपूरला गेली आणि पंढरपुरात देगलूर वसले. आषाढी-कार्तिकीच्या तिथीने हे साधले. केवळ चंद्रभागेचे वाळवंट पाहायला गेलेल्या माणसाने ते साधले नसते.

अजिंठ्याचे काय, असे इथे कोणी विचारेल. तिथे जत्रा भरत नाही, बाजार नाही, नवस नाही, तरी जगभरातून लोक येतात. हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. पण अजिंठ्याचा इतिहासच माझ्या बाजूने उभा राहतो. भिक्षूंचा वावर थांबला आणि ती लेणी रानात बुडाली. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी तिथे पोचला, तोवर बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता नव्हता. वेरूळ मात्र कधी विसरले गेले नाही, कारण शेजारी घृष्णेश्वर होता आणि महाशिवरात्र दरवर्षी येत होती. अजिंठा परत मिळाला तो नव्या प्रकारच्या यात्रेमुळे: १९१४ साली निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढले, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले, इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रे सावरली गेली, भारी ग्रंथ निघाले, रस्ते झाले. विद्वान, पाहुणे, शाळांच्या सहली यांचे एक नवेच पंचांग तयार झाले. त्या खात्याची मोठी कामे अजिंठा, वेरूळ, बिदर अशा नावाजलेल्या जागी झाली. होट्टल त्याच संस्थानात होते, पण ना जुन्या पंचांगात होते, ना नव्या. नांदेडने या दोन्ही पंचांगांचा मेळ घातला आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांचे तिथे निर्वाण झाले, महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वारा बांधवला, आणि पंजाबातून येणारी वाट आजतागायत मोडलेली नाही. इमारत देखणी आहेच. पण आधी वाट पडली आणि इमारत मागून आली, हा क्रम विसरू नये.

आता खरा अवघड आक्षेप. जत्रांचे हे कौतुक गतकाळाच्या हळहळीतून येते असे कोणी म्हणाले, तर त्यात तथ्य आहे. ट्रॅक्टर आले, दावणीचे बैल घटले, माळेगावची जत्रा आता जिल्हा परिषदेच्या मांडवात भरते आणि पशुप्रदर्शनाला बक्षिसे ठेवावी लागतात. दुसरीकडे होट्टलच्या मंदिराचे जतन झाले, होट्टल महोत्सव सुरू झाला, गाणे-नाच, दिव्यांची रोषणाई, पाहुणे. मग माझा सिद्धांत उलटला का? मला तसे वाटत नाही. महोत्सवाची तारीख कार्यालयात ठरते. निधी, पाहुण्यांची सोय आणि परीक्षा पाहून ती पुढे-मागे होते. आसपासच्या गावातल्या माणसाला त्या दिवशी तिथे काही न्यायचे नसते, काही आणायचे नसते, फक्त बसून पाहायचे असते. महोत्सव नको असे मी म्हणत नाही. पण ज्या गावाने एके काळी देवाच्या दिव्यासाठी तेलाची सोय केली, त्या गावाच्या हाती काही काम देणारा महोत्सव हवा. जतनासाठी सरकारला जबाबदार धरायचे आणि स्मरणही सरकारनेच करावे म्हणायचे, यातली दुसरी अपेक्षा फोल आहे.

सरकार स्मरणाच्या बाबतीत किती तोकडे पडते याचा नमुना याच तालुक्यात आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्याला मिळाला, पण देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातून इकडे आले. तेव्हापासून मराठीतल्या प्रवासपुस्तकांचा नकाशा देगलूरला संपतो. औरंगाबादपेक्षा कितीतरी जवळ असलेला बिदरचा किल्ला ‘परराज्यात’ जातो. पंचांगाला मात्र ही रेघ दिसत नाही. जुक्कलकडे आजही मराठी बोलली जाते, आणि अकोल्याहून निघून नांदेड-देगलूरवरून संगारेड्डीला पोचणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग दोन्ही बाजूंच्या माणसांना तसाच वाहून नेतो.

या सगळ्यात जवळचा प्रवास वेळ अमावास्येचा. बोलीत ती ‘येळवस’. कर्नाटकात हीच ‘येळ्ळ अमावास्या’ होते, म्हणजे नावालाही सीमा नाही. माळेगावची जत्रा भरते त्याच मार्गशीर्षी अमावास्येला लातूर आणि नांदेडच्या या पट्ट्यात बाजारपेठा ओस पडतात आणि माणसे आपापल्या शेताकडे निघतात. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी बोलावतेच. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. मडक्यातली ताक-ज्वारीची आंबील, कोवळ्या शेंगा-दाण्यांची आणि पालेभाज्यांची घट्ट भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे. जेवणाआधी शेताच्या कडेने आंबील शिंपडत फेरी होते. रोज दिसणारे शेत त्या दिवशी पाहुणे जाण्याचे ठिकाण होते, आणि मुंबई-पुण्याला गेलेली मुलेही याच तिथीची सुटी मागतात. होट्टलच्या शिवारात त्या दुपारी मडक्यातली आंबील वाटली जात असते. दानशिळेवर कोरलेला चंद्र त्या अमावास्येलाही जागच्या जागी असतो.