पदवीच्या अटी कुणी ठरवल्या?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींची शाखा कॉम्प्युटर असो की केमिकल, वर्कशॉप कुणालाच चुकत नाही. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, कानशीने घासून काटकोनात आणायचा, गुण्या लावून बघायचा आणि जॉब मापात बसला की सही घ्यायची. सोबतीला ड्रॉइंगच्या शीट्स असतातच. पुढे आयुष्यभर कोड लिहिणाऱ्यांनाही हे का करावे लागते, याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

पुण्यात 1854 साली सरकारने ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू केले, तेव्हा पदवीचा विचारही नव्हता. मुंबई विद्यापीठच मुळी 1857 चे. सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, पूल, कालवे आणि इमारतींच्या कामांसाठी हाताखालची माणसे हवी होती. जमिनीची मोजणी, नकाशा, खर्चाचा अंदाज, कामावर देखरेख, एवढे आले की खात्याचे भागत असे. काय शिकवायचे हे खात्याच्या गरजेवरून ठरले, आणि सर्व्हे व ड्रॉइंग यांना मिळालेले मानाचे स्थान तेव्हाचे आहे.

1860 च्या दशकात ही शाळा कॉलेज झाली, मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि एल.सी.ई. ही सिव्हिल इंजिनिअरिंगची परीक्षा आली. विद्यार्थी मात्र खात्याकडेच डोळे लावून बसलेला असे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरूहून बी.ए. होऊन म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्यात आले. 1883 मध्ये ते एल.सी.ई.ला पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धच आहेत. एवढ्या प्रतिभेचा माणूस ज्या अभ्यासक्रमातून बाहेर पडला, तो मुळात दुय्यम नोकरांसाठी आखला गेला होता, हे विसरू नये.

मुंबईची गरज वेगळी होती. तिथे गिरण्या धडधडत होत्या. 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपले व्ही.जे.टी.आय., सुरू झाले. तिथल्या शिक्षणाचा भर यंत्रे आणि कापडनिर्मितीवर होता. पुण्याला धरणे बांधणारा हवा होता, मुंबईला बॉयलर आणि माग चालते ठेवणारा. बनारसला 1919 मध्ये मदनमोहन मालवीयांच्या पुढाकाराने निघालेल्या कॉलेजात मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल मिळून एकच पदवी होती, आणि वर्कशॉपला तिथे मोठे वजन होते. सरकारी खात्याच्या पलीकडे, देशी उद्योगाकडे बघणारी ती आखणी होती.

तोवर एल.सी.ई.च्या जागी बी.ई. आली होती. नव्या शाखा निघाल्या, तरी जुने विषय फारसे हलले नाहीत.

खरा बदल स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर झाला. नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 च्या अंतरिम अहवालात अमेरिकेतील एम.आय.टी.च्या धर्तीवर उच्च तंत्रशिक्षण संस्था उभारण्याचा आराखडा मांडला. त्यातून 1951 मध्ये खरगपूरला पहिली आय.आय.टी. सुरू झाली. गणित आणि विज्ञानाचा पाया भक्कम झाला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे इंजिनिअरला अर्थशास्त्र, साहित्य यांसारखे विषयही घ्यावे लागू लागले. खात्याने किंवा गिरणीने ही अट कधीच घातली नसती. ज्या धरणाखाली गावे जाणार, ते बांधणाऱ्याला माणसांविषयी काही कळायला हवे, हा आग्रह योग्यच होता. आय.आय.टी.तली पदवी सुरुवातीला पाच वर्षांची होती. बारावीनंतर चार वर्षे ही रचना 1980 च्या दशकात तिथे स्थिरावली.

कालांतराने विषयांचे ओझे इतके वाढले की काही विद्यापीठांत पदवीसाठी दोनशेच्या वर क्रेडिट्स लागत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात ही संख्या 160 वर आणली. सुरुवातीला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम आला, इंटर्नशिपवर भर आला. पर्यावरण आणि भारतीय राज्यघटना हे विषय सक्तीचे झाले, पण त्यांना क्रेडिट मात्र दिले नाही. इथे परिषदेने हात आखडायला नको होता. ज्याला क्रेडिट नाही, तो विषय सबमिशनच्या धावपळीत सगळ्यात आधी मागे पडतो. एवढ्या कापाकापीतही वर्कशॉप आणि ग्राफिक्स पहिल्या वर्षी सगळ्या शाखांसाठी राहिले, हे चांगले झाले. धातू आपल्या मनासारखा कापला जात नाही, मापात चूक झाली की तुकडा वाया जातो, हे हाताने एकदा तरी अनुभवायलाच हवे.

एक अट मात्र कुठल्याही तक्त्यात न छापता कायम होती. ती म्हणजे इंग्रजी. 2021 मध्ये परिषदेने प्रादेशिक भाषांतून पदवी शिकवायला मुभा दिली आणि पिंपरी चिंचवड इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शाखेची मराठी तुकडी निघाली. मराठीतून इंजिनिअरिंग शिकवण्याची ही पहिली वेळ नव्हे. पुण्याच्या शाळेच्याही तीस वर्षे आधी, 1820 च्या दशकात, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस मुंबईच्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनमध्ये मराठी आणि गुजरातीतून शिकवत होते. गणिताची पुस्तके नव्हती, म्हणून त्यांनी हटन या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकाचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि मदतीला जगन्नाथशास्त्री क्रमवंत होते. 1840 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद पेटला, तेव्हा अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते आणि जर्व्हिस देशी भाषांच्या. वाद पेरींनी जिंकला, आणि 1854 ची शाळा निघाली ती त्या निकालानंतर.