हिरडा, बेहडा, आवळा आणि पोटाचा घेर

बेहड्याच्या झाडाला महाभारतापासून बट्टा लागलेला आहे. नळराजा बाहुक नावाने सारथी होऊन ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे हाकत होता. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याची पानं आणि फळं बसल्या जागी मोजून सांगितली, नळाला द्यूताचं मर्म शिकवलं, आणि नळाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडून त्याच झाडात जाऊन बसला. तेव्हापासून बेहडा अशुभ ठरला. वैदिक काळात जुगाराचे फासेही याच फळांचे असत. असं हे बदनाम फळ हिरडा आणि आवळा या दोन खानदानी फळांच्या पंगतीला बसलं. तिघांचं मिळून जे त्रिफळा चूर्ण झालं, ते आज पोटाचा घेर कमी करणारं औषध म्हणून डबीत भरून विकलं जातं.

या तिन्ही झाडांना चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रानात तोटा नाही. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग आजही जंगलाखाली आहे. हिवाळा लागला की आवळा उतरतो, मागोमाग हिरडा आणि बेहडा. गोंड आणि माडिया बायामाणसं फळं वेचतात, अंगणात वाळवतात आणि टोपलीतून आठवडी बाजाराला नेतात. तिथून माल व्यापाऱ्याच्या हाती जातो आणि नागपूरसारख्या मोठ्या बाजारपेठेत पोचतो. मधल्या प्रवासात भाव किती चढतो हे वेचणाऱ्याला बहुधा कळत नाही. एकेकाळी इथल्या दुर्गम भागात चारोळीसारखा महाग माल मिठाच्या बदल्यात दिला जाई. तिथे हिरड्या-बेहड्याची काय पत्रास!

चूर्णाचं कूळ मात्र या रानातलं नाही, ग्रंथांतलं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात आठ निंदित देहांची यादी येते. अतिउंच, अतिठेंगणा, फार केसाळ, अजिबात केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार रोडका. यातल्या शेवटच्या दोघांवरच चरक खरा थांबतो. लठ्ठाला घाम फार, भूक फार, तहान फार, आयुष्य कमी. आणि त्याचा निवाडा असा की लठ्ठपणापेक्षा रोडकेपणा बरा, कारण लठ्ठावर उपचार करणं जास्त अवघड. अन्न दिलं तर मेद वाढतो, तोडलं तर भडकलेला जठराग्नी त्रास देतो. म्हणून पचायला जड, पण अंगाला न लागणारं असं काही द्यावं, ही त्याची युक्ती. या उपचारात गुळवेल आणि नागरमोथ्याबरोबर त्रिफळा येतो. मध येतो. ताकाचं अरिष्ट येतं. जवाच्या पिठात आवळ्याचं चूर्ण येतं.

पण औषधांशी अध्याय संपत नाही. जव, सावा, कोद्रू, मूग, कुळीथ असं भरडं अन्न खावं, झोप कमी करावी, व्यायाम वाढवावा, आणि हेही चरकच सांगतो की चिंता करावी! चिंतेने माणूस वाळतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज कोणत्याही डबीवर हा शेवटचा उपाय छापलेला नसतो, आणि पहिले तीनही बारीक अक्षरांत असतात. चूर्ण तेवढं बाजाराने उचललं.

मधाचंही तसंच झालं. सकाळी उठून गरम पाण्यात मध-लिंबू पिणारे लाखो लोक आपण आयुर्वेद पाळतो असं समजतात. चरकाने स्थूलांना मधाचं पाणी सांगितलं आहे हे खरं. पण तापवलेला मध आणि उष्ण पदार्थांबरोबरचा मध त्याने कडक शब्दांत वर्ज्य ठरवला आहे. तेव्हा हा वाफाळता पेला निदान त्याच्या नावावर तरी खपवू नये.

तीन फळं किती-किती घ्यायची, यावर जुना वाद आहे. आज कारखान्यात बिया काढून वाळवलेल्या गराचे वजनाने समान भाग घेतात. जुना आयुर्वेद-ग्रंथकार शार्ङ्गधर याने मात्र एक हिरडा, दोन बेहडे आणि चार आवळे असा फळांचा हिशेब दिला. फळांची वजनं वेगवेगळी असल्याने दोन्ही हिशेब अखेर जवळजवळ एकच होतात, असं काही टीकाकार म्हणतात. काही वैद्य अजून ऐकत नाहीत.

त्रिफळ्याचं हे कुटुंब घरात बसून राहिलं नाही. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा इथे हॅमिल्टन बॉवर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांची एक पोथी लागली. त्या सुमारे दीड हजार वर्षं जुन्या पोथीत हिरड्याचा स्वतंत्र कल्प आहे. जपानमध्ये सम्राज्ञी कोम्योने इ.स. ७५६ मध्ये नारा इथल्या बौद्ध मंदिराला साठ औषधं अर्पण केली, त्या यादीत हिरडा आहे. तिबेटी चित्रांतल्या औषधबुद्धाच्या हातातही हिरड्याचीच फांदी. पश्चिमेकडे इराणी-अरबी वैद्यकाने त्रिफळा मधात कालवून घेतला आणि त्याला ‘इत्रिफल’ म्हटलं. युनानी हकिमांकडे तो अजून मिळतो.

इंग्रजांना या फळात वेगळंच काही दिसलं. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि त्याने कातडं कमावता येतं. एकोणिसाव्या शतकात हिरड्याची जहाजं युरोपातल्या चर्मोद्योगाकडे जाऊ लागली आणि मालाच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. एक जबलपुरी, एक आपल्या कोकणातली वेंगुर्ल्याची. व्यापाराच्या वहीत हिरडा तेव्हा औषध म्हणून नव्हे, चामड्याचा मसाला म्हणून जमा होता.

मेदाच्या औषधांचं दुसरं घराणं गुग्गुळाचं. अकराव्या शतकात बंगालच्या चक्रपाणिदत्ताने त्रिफळा, सुंठ-मिरी-पिंपळी आणि मोथा-चित्रक-वावडिंग अशा नऊ जिनसा गुग्गुळात कुटून मेदावर दिल्या. आजच्या ‘मेदोहर’ गोळ्यांचा हा पूर्वज. गुग्गुळ काही चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीचा नाही, तो राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळाचा. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या मेदवर्णनाचा धागा धरून सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातली चरबी उतरते असं दाखवलं. त्यातून पुढे कोलेस्टेरॉलचं औषधही निघालं. २००३ मध्ये अमेरिकेत शंभरएक रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र वाईट कोलेस्टेरॉल उतरलं नाही, उलट थोडं चढलं. दरम्यान ओरबाडून ओरबाडून गुग्गुळाचं झाड नष्ट होण्याच्या कडेला आलं.

त्रिफळ्याच्या पदरातही एक चाचणी आहे, तीही इराणमधली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६२ लठ्ठ माणसांपैकी काहींना रोज दोनदा पाच-पाच ग्रॅम त्रिफळा बारा आठवडे दिला. खोटं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचं वजन चार-पाच किलो जास्त उतरलं. आकडा चांगला आहे, पण माणसं थोडी आणि मुदत छोटी. त्रिफळ्याने पोट साफ होतं, यात कुणाचं दुमत नाही. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे कमी दिसतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, हेही सांगायला हवं.

आता पुन्हा रानात. चरकाने स्थूलांना सांगितलेला कोद्रू म्हणजे इथला कोदो. गडचिरोलीत भात हेच मुख्य पीक असलं, तरी भामरागड-एटापल्लीच्या डोंगरकडांना कोदो-कुटकी पिकवतात. बाजाराला, दवाखान्याला, मोह वेचायला चालावं लागतं. एकविसाव्या अध्यायातली सगळी पथ्यं इथे न सांगता पाळली जातात, फक्त ती पाळण्याचं कारणच इथे नाही. इथला प्रश्न लठ्ठपणाचा नाही, कुपोषणाचा. धानोरा रस्त्यावरच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला, तो महाराष्ट्रातल्या लपलेल्या बालमृत्यूंबद्दल होता. त्याच संस्थेच्या डॉ. अभय बंग यांनी २००० साली ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं, तेव्हा भर दिला तो आहार, चालणं, योगासनं आणि ध्यानावर. ते पुस्तक शहरातल्या बैठ्या वाचकांनी डोक्यावर घेतलं. एकाच जिल्ह्यातून निघालेली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की वजनाचा प्रश्न दोन टोकांना कसा उभा आहे ते दिसतं.

फळं कुणाची, हा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्याने बराच सोडवला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढे गडचिरोलीतल्या शेकडो गावांना. गौण वनोपज ग्रामसभेचं झालं. कमाई मुख्यतः बांबू आणि तेंदूपत्त्याची. हिरडा-बेहडा अजून मागच्याच बाकावर. चूर्णाची डबी शेकडो रुपयांना विकणाऱ्यांनी हा माल थेट ग्रामसभांकडून घ्यायला हरकत नाही, आणि घेणाऱ्यांनीही ‘फळ कुठलं?’ असं विचारायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधी ठाऊक असावी. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचं नाव आहे. म्हणजे अमुक चूर्णाने लठ्ठपणा बरा होतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, चूर्ण कितीही जुन्या कुळातलं असो. गरोदर बायांनी आणि मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्रिफळा रोज घेऊ नये. आणि ‘महिन्यात दहा किलो’ अशी जाहिरात दिसली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करावी.