नवीन जालन्यांतील लोकोपयोगी सोयी व त्यांचे फलक

कुंडलिका नदीनें जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एका कांठीं जुना जालना, दुसऱ्या कांठीं नवीन जालना. नवीन भागास 'नवीन' म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी त्यांतील कादराबाद कांहीं कालपरवांचें नव्हे. जुन्या गॅझेटियरांत तें जालन्यासमोरचें निराळें गांव म्हणून नमूद आहे. या शहराविषयीं इतिहासग्रंथांतून जें आढळतें तें बहुतेक स्वाऱ्या व लढाया यांपुरतें. इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींनीं जालन्याची पेठ लुटली, इ. स. १८०३ च्या सप्टेंबरांत कर्नल स्टीव्हन्सन यानें जालना घेतला, व त्याच महिन्याच्या २३ तारखेस आसईची लढाई झाली. आसई आज जालना जिल्ह्यांतच मोडतें. हें सर्व वाचकांस अवगत आहे. आम्हीं येथें घेतलेला प्रश्न याहून लहान, परंतु रोज पडणारा आहे: या गांवीं राहणाऱ्या किंवा नव्यानें आलेल्या माणसास पाणी, निवारा, औषध आणि दाद हीं कोठें मिळतात हें पूर्वीं कसें कळे, व आज कसें कळतें?

१६७९ च्या प्रसंगाचीच साक्ष घ्यावी. खाफीखान लिहितो कीं, पेठेंतील सधन लोकांनीं आपला ऐवज घेऊन सय्यद जानमहंमद या साधूच्या तकियाचा आश्रय केला होता. कारण मराठी फौज साधुसंतांच्या स्थळांस हात लावीत नाहीं असा तिचा लौकिक होता. पुढें काय झालें याविषयींचें खाफीखानाचें म्हणणें मोगली पक्षाच्या लेखकाचें म्हणूनच वाचावयाचें. आमच्या कामाचा भाग एवढाच कीं, संकट येतांच कोठें धांवावें हें पेठकऱ्यांस कोणासही न विचारतां ठाऊक होतें. परंतु हें ज्ञान रहिवाश्याचें. परक्यास, निर्धनास किंवा नुकत्याच आलेल्यास तें कोण सांगणार? येथें केवळ लौकिक पुरत नाहीं. लिहिलेलें कांहीं तरी लागतें.

असें लिहिलेलें महाराष्ट्रांत किती जुनें आहे हें पाहण्यासाठीं जालना क्षणभर सोडून नाशिकच्या लेण्यांकडे वळावें लागतें. नहपानाचा जावई उषवदात याचा तेथील लेख बहुतेक संशोधक ब्राह्मणांस दिलेल्या दानांसाठीं व कालगणनेच्या वादासाठीं वाचतात. आमच्या दृष्टीनें तो लोकोपयोगी सोयींची पहिली पत्तेवार यादी आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणीं चौसोपी विश्रामगृहें. विहिरी व तळीं. तापी, दमणा, पारदा, डहाणुका इत्यादि नद्यांवर फुकट तरी. आणि त्या नद्यांच्या दोन्ही कांठीं प्रवाशांसाठीं सभा व पाणपोया. कोणती सोय कोणत्या गांवीं व कोणत्या उतारावर, हें त्यांत स्पष्ट आहे. त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत याहून महत्त्वाचा मजकूर येतो. भिक्षूंच्या खर्चासाठीं ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले, २,००० दरमहा शेंकडा एक या व्याजानें व १,००० पाऊण टक्क्यानें; मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच खर्चावयाचें. आणि हें सर्व निगमसभेंत वाचून दाखविलें व रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविलें, असेंही पुढें सांगितलें आहे. भिंतीवरचा लेख आज उरला. तो फलक मात्र लांकडी असल्यास केव्हांच नाहींसा झाला. आमच्या मतें सार्वजनिक सोय खऱ्या अर्थानें सार्वजनिक होते ती या दोन क्रियांनीं: चारचौघांत वाचणें आणि फळ्यावर लिहिणें.

आतां जालन्याकडे. इमारतींच्या बाबतींत हें शहर दरिद्री नव्हतें. काळी मशीद, तिच्या जोडीचा हमाम व सराई आणि शहराच्या पश्चिमेचा मोती तलाव यांचें श्रेय गॅझेटियरकार जमशेदखान यास देतात. तलावाचें पाणी जमिनीखालील नळांनीं शहरांतील हौदांत आणलें होतें व त्यांतला मोठा हौद सराईच्या चौकांत होता. ही रचना मोठी समजूतदारपणाची आहे. वाटसरू उतरतो तेथेंच पाणी, पाण्यापाशींच स्नान, आणि स्नानाशेजारींच प्रार्थना. अशा ठिकाणीं पाटीची गरज नाहीं, कारण एक सोय दुसरीचा पत्ता सांगते. परंतु नळ बुजले कीं हौद कोरडा पडतो, आणि हौद कोरडा पडला कीं तेथें कोणाचा हक्क होता हें सांगणारें कोणी उरत नाहीं. नळांची दुरुस्ती कोणी करावयाची, त्यास नेमणूक काय, कोणत्या मोहल्ल्यास किती पाणी, हा जो खरा कारभार, त्याचा कागद इमारतीबरोबर उभा राहत नसतो.

शहराच्या पूर्वेस निजामउल्मुल्क आसफजाह याच्या हुकुमानें काबिलखानानें इ. स. १७२५ मध्यें किल्ला बांधला. तसा फारसी शिलालेख तेथें आहे. बालेकिल्ल्यास मस्तगड म्हणतात, व त्यांतील कोठड्या असलेल्या मोठ्या विहिरीचा उल्लेख गॅझेटियरांत येतो. याच मस्तगडांत पुढें नगरपालिकेची कचेरी आली. ज्या दरवाज्यांतून पूर्वीं किल्लेदाराच्या परवानगीवांचून आंत जातां येत नसे, तेथें जन्ममृत्यूच्या नोंदीसाठीं व नळाच्या अर्जासाठीं लोक जाऊं लागले. किल्ल्यांच्या इतिहासांत असा शेवट क्वचितच लिहिला जातो. आम्हांस तो वेढ्यांच्या हकीकतींहून कमी वाटत नाहीं.

नांवांत उरलेला पत्ता कसा काम करतो याचें उदाहरण पोलीस ठाण्यांचें. जालन्यांत एका ठाण्याचें नांव 'कदीम जालना', दुसऱ्याचें 'सदर बाजार'. 'कदीम' म्हणजे जुना, हा फारसी दप्तरांतला शब्द. 'सदर बाजार' हें नांव छावणीच्या मुख्य बाजारास देण्याची चाल हिंदुस्थानभर होती. जालन्याची छावणी इ. स. १८२७ च्या सुमारास वसली, हैदराबाद कंटिन्जंटची फौज तेथें असे, आणि ती फौज १९०३ सालीं हिंदी सैन्यांत विलीन झाली. फौज गेली, निजामी गेली, दफ्तरी भाषा बदलली. तथापि ज्याच्या घरीं चोरी झाली त्यानें आपण कोणत्या ठाण्याच्या हद्दींत राहतों हें ठरवितांना आजही छावणीचा व फारसीचा शब्दच उच्चारावयाचा. हद्द न समजल्यामुळें एका ठाण्यांतून दुसऱ्याकडे पाठविला जाणें हा अनुभव कोणत्याही शहरांतील गरिबास नवा नाहीं. इतिहासाचें अज्ञान येथें प्रत्यक्ष पायपीट करवितें.

कागदांकडे वळूं. जालन्यांतील सोयींचे कागद शोधणारास तीन लिप्या व तीन भाषा यांची तयारी ठेवावी लागते. गांवकामगारांचें दप्तर मोडी मराठींत. सरकारी दप्तर प्रथम फारसींत व १८८० नंतरच्या दशकापासून उर्दूंत. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत, तेव्हां कचेरीची भाषा पुन्हा पालटली. प्रत्येक पालटाच्या वेळीं नव्या कारकुनास न वाचतां येणारा कागद माळ्यावर गेला, आणि माळ्यावरून रद्दींत.

या कागदांत इनामांचे कागद सर्वांत मोलाचे. कारण पूर्वींच्या सोयी पगारावर नव्हे तर जमिनीवर चालत. विहीर, मशीद, देऊळ, धर्मशाळा यांस जमीन. आणि सेवा करणारासही जमीन. हैदराबाद राज्याचा १९५४ सालचा इनामें व रोख नेमणुका रद्द करण्याचा कायदा या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे. त्याच्या मूळ मसुद्यांत दोन प्रकारचीं इनामें वगळलीं होतीं: धार्मिक व धर्मादाय संस्थांचीं, आणि सरकारास किंवा गांवास उपयोगी अशा चाकरीचीं. दुसऱ्यांत शेतसनदी, नीरडी व बलुतेदार हीं नांवें घातलेलीं आहेत. नीरडी म्हणजे तळ्याकालव्याचें पाणी वांटून देणारा. ज्या माणसाचें नांव बखरींत येत नाहीं, शिलालेखांत येत नाहीं, त्यास जुनें राज्य मोडणाऱ्या कायद्यानें नांवानें ओळखलें, याचें आम्हांस मोठें अगत्य वाटतें. आमचे संग्राहक मित्र शिक्क्याची सनद दिसली तर हर्षभरित होतात आणि तिच्याबरोबर बांधलेला पाणीवांटपाचा चिटोरा दोऱ्यास आधार म्हणून वापरतात. हें लिहितांना आम्हीं स्वतःस वगळलेलें नाहीं.

औषधाची सोय निराळ्या वाटेनें आली. रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून १८४३ सालीं मुंबईंत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्रि यांनीं स्कॉटिश मिशनचें काम जालन्यास सुरू केलें, व सर सालारजंग यांनीं दिलेल्या जमिनीवर शहराजवळ बेथेल ही वसाहत उभारली. मिशनचा दवाखाना पुढें पंचक्रोशींत प्रसिद्ध झाला. त्यांच्या हेतूविषयीं मतभेद असोत. परंतु मिशनऱ्यांनीं वार्षिक अहवाल छापले व जपले, आणि आमच्या धर्मशाळांच्या पंचांनीं जमाखर्चाच्या वह्या दिवाळीस विसर्जित केल्या. त्यामुळें एका बाजूची हकीकत भरपूर व दुसरीची केवळ तोंडी, असा इतिहासाचा तोल बिघडला आहे.

नवीन जालन्याच्या पाण्याचा इतिहास मात्र हयात माणसांच्या आठवणींत आहे. निजामी अमदानींत, १९३० नंतरच्या दशकांत, घाणेवाडीचा तलाव झाला व त्यांतून पाणी केवळ उताराच्या जोरावर नवीन जालन्यास येऊं लागलें. त्या तलावास आतां संत गाडगेबाबांचें नांव आहे. नाशिक, पंढरपूर, आळंदी येथें धर्मशाळा उभारणाऱ्या पुरुषाचें नांव जलाशयास द्यावें हें यथायोग्यच. जुन्या जालन्यास पुढें गोदावरीवरील शहागडच्या योजनेचें पाणी मिळूं लागलें. म्हणजे नदीच्या कोणत्या कांठीं घर आहे त्यावर कोणतें पाणी, हें ठरत असे. २०१२-१३ च्या दुष्काळांत घाणेवाडी आटला, लोकांनीं वर्गणी करून त्याचा गाळ काढला, आणि त्यानंतर शहरास जायकवाडीच्या पाण्याचा आधार झाला. गाळ काढतेवेळीं किती गाड्या गाळ निघाला व तो कोणाच्या शेतांत गेला याचीं टिपणें कोणाजवळ असल्यास तीं आजच इतिहासाचीं साधनें समजावीं. शंभर वर्षें थांबण्याचें कारण नाहीं.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला व शहरास महानगरपालिका २०२३ मध्यें मिळाली. कचेऱ्या वाढल्या तशी कोठें जावें ही पंचाईतही वाढली. तीवर उपाय म्हणून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ कडे आम्ही पाहतों, आणि तो वाचतांना नाशिकच्या लेखाची आठवण होते. प्रत्येक सार्वजनिक कचेरीनें आपण कोणत्या सेवा देतों, त्या किती दिवसांत, त्यास जबाबदार अधिकारी कोण व अपील कोणाकडे, हें जाहीर करून फलकावर लावावयाचें आहे. दोन अपिलांनीं काम न झाल्यास सेवा हक्क आयोगाकडे जातां येतें. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड सांगितला आहे. पूर्वींच्या दानलेखाखालीं गाढवाचें चित्र व शिवी कोरीत. त्यापेक्षां हा दंड सौम्य खरा, पण वसूल होण्याजोगा आहे.

या फलकांत एक वैगुण्य आहे. तो कागदाचा असतो, अधिकारी बदलला कीं फाडून नवा लावतात, आणि जुना कोणी ठेवीत नाहीं. मोती तलावाच्या नळांचें जें झालें तेंच यांचें होईल. म्हणून नवीन जालना, कादराबाद व सदर बाजार या भागांत राहणाऱ्या वाचकांस आमची विनंति आहे कीं, मोती तलावाच्या नळमार्गाचें टिपण, हौद वा सराईच्या दुरुस्तीचे हुकूम, नीरडीच्या इनामाचे मोडी अथवा उर्दू कागद, धर्मशाळांच्या वह्या आणि घाणेवाडीच्या पाणीपट्टीच्या जुन्या पावत्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांच्या नकला, कागद कोणत्या घरीं व कोणत्या दिवशीं मिळाला हें लिहून, मंडळाकडे पाठवाव्या. कचेरींतून उतरविलेला सेवांचा फलक हातीं लागल्यास तोही, मागें तारीख घालून, त्याच पुडक्यांत बांधावा.