अनुदान कोणाच्या पदरात?

कपाशीच्या दोन ओळींमधून चालावे, झाडावर पाय पडू देऊ नये, अशी अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेचरांना सवय लावलेली असे. १९३३ च्या उन्हाळ्यात त्याच खेचरांना उभ्या पिकावरून नांगर ओढावयास लावले, तेव्हा कित्येक जनावरे अडून बसली, असे सांगतात. पीक मोडण्याबद्दल शेतकऱ्याला सरकार पैसे देत होते.

या विपरीत व्यवहारामागे कारण होते. १९२९ साली पौंडाला सतरा सेंटांच्या आसपास असलेला कापसाचा भाव १९३२ पर्यंत सहा सेंटांवर आला होता. माल उदंड, गिऱ्हाईक नाही. तेव्हा पीक कमी करावे, भाव सावरावा आणि झालेली तूट सरकारने भरून द्यावी, असा कायदा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या राजवटीत १२ मे १९३३ रोजी झाला. पैसा उभा राहावा म्हणून शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवर कर बसविला. सुमारे एक कोटी एकरांवरील कपाशी मोडण्यात आली. भाव दहा सेंटांच्या घरात गेला. योजना सफल झाली, असे म्हणावयास हरकत नव्हती.

परंतु आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट कौंटीत या यशाची दुसरी बाजू दिसू लागली. तेथील मोठमोठ्या मळ्यांवर जमीन एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, अशी रीत होती. कसणारी कुटुंबे, गोरी तशीच काळी, बहुधा निम्म्या वाट्याने राबत आणि मळ्याच्या दुकानाच्या उधारीत बुडालेली असत. १९३४ च्या करारात रिकाम्या ठेवलेल्या जमिनीबद्दल पौंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यांपैकी चार मालकाचे आणि अर्धा कसणाऱ्याचा! पिकात निम्म्याचा वाटेकरी अनुदानात नवव्या हिश्शाचा धनी ठरला. तो हिस्साही पुष्कळदा मालकाच्या खातेवहीत उधारीपोटी जिरे. शिवाय जमीन कमी कसावयाची म्हटल्यावर इतके हात हवेत कशाला? शक्य तेथवर कुळांची संख्या कायम ठेवावी, असे करारात लिहिले होते. पण काय शक्य, हे ठरविणाऱ्या स्थानिक समित्यांवर प्रायः जमीनदारच होते. कुटुंबे रस्त्यावर आली.

जुलै १९३४ मध्ये त्या कौंटीतील टायरोन्झा गावाजवळ अकरा गोरे आणि सात काळे शेतकरी एकत्र बसले आणि त्यांनी दक्षिणेतील कुळांची संघटना स्थापन केली. शाळांपासून आगगाडीच्या डब्यांपर्यंत वर्णभेद पाळणाऱ्या त्या मुलखात ही बैठक हेच मोठे धाडस होते. त्यांच्या सभा उधळल्या गेल्या, पुढाऱ्यांना मारहाण झाली. फेब्रुवारी १९३५ मध्ये, करारानुसार तीच कुळे जमिनीवर राहिली पाहिजेत, असा अर्थ लावणाऱ्या कृषिखात्यातील कायदेपंडितांना नोकरी सोडावी लागली. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरविला. कारण मात्र कुळांच्या हालांचे नसून केंद्राच्या अधिकाराचे होते. अनुदानाची कल्पना नव्या कायद्यांच्या रूपाने पुढे चालू राहिली.

कागदावर शेतकरी कोणाला म्हणावयाचे, यावर अनुदानाची वाट ठरते. भारतातही २०१९ साली सुरू झालेल्या वार्षिक ६,००० रुपयांच्या किसान सन्मान निधीसाठी जमीन नावावर असलेली कुटुंबे पात्र धरली गेली. दुसऱ्याचे शेत वाट्याने कसणारा भूमिहीन बाहेर राहिला. सातबारा आणि नांगराची मूठ एकाच हातात असतेच असे नाही, हा टायरोन्झाचा धडा म्हणूनच जुना झालेला नाही.